कंटेनर न उघडता, पुरावा न फोडता

सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांच्या विशेष पथकाने न्हावा शेवा बंदरातला एक कंटेनर ताब्यात घेतला. आत सुमारे २२ टन ज्येष्ठमध. खोकला झाला की आपण ज्याची काडी चघळतो, तोच. फक्त या काड्यांवर हेरॉइनचा लेप होता. पोलिसांनी दिलेला हिशेब असा : हेरॉइन सुमारे ३४५ किलो, किंमत १,७२५ कोटी रुपये. त्याच्या आदल्या वर्षी गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं होतं. तिथे कागदोपत्री माल होता शंखजिऱ्याची भुकटी, म्हणजे टाल्क.

अशी बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : बंदरात एवढे महागडे स्कॅनर बसवलेत, मग त्यांना हे दिसलं कसं नाही? प्रश्न रास्त आहे. दोन्ही प्रकरणांत सुगावा लागला तो खबरीतून आणि चौकशीतून. स्कॅनर मात्र बिघडलेला नव्हता. त्याला जो प्रश्न विचारता येतो, त्याचं उत्तर 'हेरॉइन' असं येऊच शकत नाही. मग तो नेमकं काय सांगतो, कशाच्या जोरावर सांगतो, आणि त्याच जातीची यंत्रं खुनाच्या तपासात काय करतात, ते पाहू.

घरातल्या टीव्हीपासून बंदरापर्यंत

कणवेगवर्धक म्हटलं की जमिनीखालचा सत्तावीस किलोमीटरचा बोगदा आणि हेल्मेट घातलेले शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात विद्युतभार असलेल्या कणाला विजेच्या जोराने पळवणारं कुठलंही यंत्र म्हणजे वेगवर्धक. आपल्या घरातला जुना, पाठीमागे कुबड असलेला टीव्ही हाही वेगवर्धकच होता. त्याच्या नळीत इलेक्ट्रॉन २०-२५ हजार व्होल्टने पळून पडद्यावर आदळायचे. दाताच्या दवाखान्यातल्या क्ष-किरण यंत्रात हाच आकडा ६०-७० हजार असतो आणि विमानतळावर बॅग ज्यातून जाते त्या यंत्रात साधारण दीड लाख. वेगात आलेला इलेक्ट्रॉन धातूवर आदळून एकदम अडला की त्याच्या ऊर्जेचा काही भाग क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. इलेक्ट्रॉन जितका जोरात आला असेल, तितके हे किरण खोल शिरतात.

दीड लाख व्होल्टचे किरण बॅगेला पुरतात, पण पोलादापुढे तीन-चार सेंटिमीटरांत दमतात. कंटेनर चाळीस फुटी, त्यात ठासून भरलेला माल, कधी यंत्रांचे सुटे भाग, कधी फरशा. त्यासाठी ४० लाख ते ९० लाख व्होल्टची ताकद लागते. एवढा दाब एका तारेत आणून ठेवायचा म्हटलं तर इमारतीएवढं यंत्र लागेल, आणि तेही ठिणग्या टाकत बसेल.

म्हणून वेगळी युक्ती. झोक्यावर बसलेल्या पोराला कुणी एका दणक्यात उंच नेत नाही. प्रत्येक फेरीला नेमक्या क्षणी हलका धक्का द्यायचा, उंची आपोआप वाढते. लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतला वेगवर्धक, इलेक्ट्रॉनला असेच धक्के देतो. साधारण मीटरभर लांबीची तांब्याची नळी, आत एकापाठोपाठ एक छोट्या कप्प्यांची रांग. त्यांत सूक्ष्मलहरी सोडल्या की प्रत्येक कप्प्यातलं विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे तीनशे कोटी वेळा मागे-पुढे झुलतं. कप्प्यांची लांबी अशी कापलेली असते, की इलेक्ट्रॉन ज्या क्षणी कप्प्यात शिरतो त्या क्षणी तिथलं क्षेत्र त्याला पुढेच ढकलतं. या लहरी बनवणारं मॅग्नेट्रॉन स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्येही असतं. घरातलं एक किलोवॅटच्या आसपास काम करतं. लिनॅकचं मॅग्नेट्रॉन वीस-तीस लाख वॅटचा ठोका देतं, पण तो काही मायक्रोसेकंदच टिकतो, आणि असे शेकडो ठोके सेकंदाला पडतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत साठ लाख व्होल्टच्या लिनॅकमधला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या ९९.७ टक्के वेगाने धावत असतो. समोर टंगस्टनचा तुकडा, आणि तिथून पुढे क्ष-किरण.

हे तंत्र आपल्याला परकं नाही. कर्करोगावर किरणोपचार करणारी यंत्रं याच जातीची. पवईच्या आयआयटीच्या आवारातल्या 'समीर' या सरकारी संस्थेने रुग्णालयांसाठी देशी लिनॅक बनवले आणि कंटेनर तपासणीसाठीही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं खारघरला इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथेही लिनॅकवर काम चालतं. न्हावा शेव्याहून हे ठिकाण फार लांब नाही.

दर तीन सेंटिमीटरला निम्मे

आता ट्रेलर स्कॅनरच्या कमानीतून जातो, हे जरा जवळून पाहू. एका बाजूला लिनॅक. त्याचा झोत शिशाच्या अरुंद फटीतून बाहेर येतो, म्हणजे किरणांचा पंखा असतो, पण पात्यासारखा उभा आणि पातळ. दुसऱ्या बाजूला आणि डोक्यावर शोधकांची रांग, उलट्या 'एल'च्या आकाराची. एका ठोक्याला कंटेनरचा एक उभा काप टिपला जातो. ट्रेलर हळूहळू पुढे सरकतो, कापाला काप जोडत चित्र तयार होतं. मिनिटाभराच्या आत काम आटोपतं. हाच कंटेनर उघडून माल बाहेर काढायचा, तपासायचा आणि पुन्हा भरायचा म्हणजे मजूर, फोर्कलिफ्ट आणि अख्खा दिवस.

नव्वद लाख व्होल्टचे किरण साधारण दर तीन सेंटिमीटर पोलादामागे निम्मे होतात. तीन सेंटिमीटरला निम्मे, सहाला पाव, नऊला एक अष्टमांश. तीस सेंटिमीटर पोलाद पार करेपर्यंत हजारातला एक उरतो. संवेदनशील शोधकाला तेवढाही पुरतो, त्यावरून तो पलीकडची आकृती काढतो. त्यापुढे चित्रात नुसता काळा डाग. म्हणून नव्या यंत्राच्या जाहिरातीत 'इतके सेंटिमीटर पोलाद भेदतो' हा आकडा ठळक अक्षरात असतो.

पण नुसत्या काळ्या-करड्या सावलीवरून भागत नाही. जाड लाकूड आणि पातळ लोखंड एकसारखे करडे दिसू शकतात. म्हणून बरेच लिनॅक आळीपाळीने दोन ताकदींचे ठोके देतात, एक साठ लाखांचा तर पुढचा चाळीस लाखांचा. या पट्ट्यात किरणांची ताकद वाढवली तर लाकूड-कापूस-अन्न अशा हलक्या अणूंच्या पदार्थांत त्यांची अडवणूक जितकी बदलते, तितकी लोखंड, शिसं अशा जड अणूंच्या पदार्थांत बदलत नाही. दोन्ही चित्रांची तुलना करून संगणक त्यात रंग भरतो. बहुतेक यंत्रांत सेंद्रिय माल नारिंगी, धातू निळा, मधलं काही असेल तर हिरवं. बॅग स्कॅनरच्या पडद्यावर हे रंग तुम्ही पाहिले असतील. कंटेनरमध्ये मात्र फरक इतका बारीक असतो की रंगांवर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही.

आता ज्येष्ठमधाकडे परत येऊ. ज्येष्ठमध म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. हेरॉइन म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि थोडा नायट्रोजन. दोन्ही नारिंगी. लेप पातळ, तोही सगळ्या मालावर सारखा पसरलेला, म्हणजे चित्रात एखादी जागा वेगळी उठून दिसायचंही कारण नाही. तस्करांनी माल लपवला तो काळोख्या कोपऱ्यात नव्हे, सारखेपणात. स्कॅनर किती दाट आणि साधारण किती जड अणूंचं एवढंच मोजतो. रेणू त्याला ओळखता येत नाही.

मग उपयोग काय? भरपूर आहे. पडद्यासमोर बसलेला कस्टम्सचा माणूस खरं तर चित्र आणि कागद यांची तुलना करत असतो. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातदाराने भरलेल्या मालाच्या कागदात, लिहिलंय तांदूळ, आणि चित्रात पोत्यांच्या मधोमध चौकोनी गडद ठोकळे. लिहिलंय रिकामा कंटेनर, आणि तळाची जाडी हवी त्याहून जास्त. शीतपेटीच्या यंत्राच्या कप्प्यात जिथे हवा असायला हवी तिथे काहीतरी भरलेलं. भंगाराच्या कंटेनरमध्ये शिशाच्या जाड भिंतींचा डबा. तो डबा किरणोत्सारी पदार्थाचा असेल तर बंदराच्या फाटकावरचा किरणोत्सार शोधक कदाचित फसेल, कारण शिसं किरण बाहेर येऊच देत नाही. पण नेमकं तेच शिसं लिनॅकच्या चित्रात काळंकुट्ट दिसतं. एका यंत्राला चुकवायची युक्ती दुसऱ्यापुढे उघडी पडते.

रेणू नाही तरी निदान मूलद्रव्यं ओळखता यावीत म्हणून न्यूट्रॉन वापरतात. त्यालाही वेगवर्धक लागतो, पण हातभर लांबीचा : जड हायड्रोजन ट्रिटियमवर, म्हणजे हायड्रोजनच्याच आणखी जड रूपावर, आदळवला की वेगवान न्यूट्रॉन सुटतात, ते मालातल्या अणुकेंद्रांना हलवतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतं. त्यातून कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचं प्रमाण काढता येतं, आणि बऱ्याच स्फोटकांत नायट्रोजन भरपूर असल्याने ती उठून दिसतात. पण हे काम सावकाश चालतं. अख्ख्या कंटेनरला नाही, संशयित कोपऱ्यालाच परवडतं.

ड्रायव्हरचं काय? आणि केळ्यांचं?

ही शंका सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि तिच्यात दोन वेगळ्या भीती एकत्र झालेल्या असतात.

पहिली भीती : माल किरणोत्सारी होईल. होत नाही. क्ष-किरणाने पदार्थ किरणोत्सारी व्हायचा तर किरणाला अणुकेंद्र फोडावं लागतं. आपलं अन्न ज्यांचं बनलंय त्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनची केंद्रं फोडायला एक कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जा लागते. (एका व्होल्टने इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे आकडा तोच राहतो.) तपासणीच्या यंत्रांची कमाल पातळी म्हणूनच त्याखाली ठेवतात. युरोपीय संघाच्या १९९९ च्या अन्नविषयक निर्देशात क्ष-किरण तपासणीसाठी हीच एक कोटीची मर्यादा आहे आणि अन्नाला मिळणारी मात्रा ०.५ ग्रेच्या आत हवी असं म्हटलंय (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक). कंटेनरच्या एका स्कॅनमध्ये मिळणारी मात्रा मायक्रोग्रेमध्ये, म्हणजे ग्रेच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. केळी निर्धास्त खावीत.

दुसरी भीती माणसांबद्दलची, आणि ती साफ चुकीची नाही. झोत चालू असताना त्याच्या वाटेत कुणी उभं राहू नये, म्हणूनच तर शिशाच्या फटी, काँक्रीटच्या भिंती, कुलूपबंद दारं. काही यंत्रांत ड्रायव्हरला उतरवतात. ट्रेलर चालवत नेण्याच्या यंत्रांत केबिन पुढे गेल्याची खूण संवेदकांनी दिल्यावरच झोत सुरू होतो. या सगळ्यावर आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि देखरेख असते. ड्रायव्हरने उतरायचं की नाही हे तिथल्या पाटीवर हिंदी-मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं, एवढी अपेक्षा मात्र मी ठेवतो.

लिनॅकच्या बाजूने बोलणारी मोठी गोष्ट वेगळीच आहे. कंटेनर तपासायला कोबाल्ट-६० सारखा किरणोत्सारी स्रोतही चालतो आणि काही ठिकाणी वापरतातही. पण स्रोताला बटण नसतं. तो दिवसरात्र किरण सोडतो, आणि यंत्र भंगारात गेलं तरी सोडतच राहतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच घडलं. विद्यापीठातलं वापरात नसलेलं गॅमा यंत्र लिलावात विकलं गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, आतल्या कोबाल्टने अनेकांना इस्पितळात पोचवलं आणि एकाचा जीव गेला. लिनॅकची वीज बंद केली की किरण बंद. भंगारात गेला तर उरतं तांबं.

मग सगळेच कंटेनर का तपासत नाहीत?

अमेरिकेने हे करून पाहायचं ठरवलं होतं. २००७ च्या कायद्यात लिहिलं की जुलै २०१२ पर्यंत अमेरिकेला जाणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच स्कॅन झाला पाहिजे. मुदत आली, पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. यंत्रं विकत मिळतात हो, चित्रं वाचणारी माणसं मिळत नाहीत. एकट्या न्हावा शेव्यातून वर्षाला, वीस फुटी मापाने मोजले तर, ६० लाखांहून जास्त कंटेनर जातात-येतात. त्यातला प्रत्येक स्कॅन करून प्रत्येक चित्र डोळ्यांखालून घालायचं म्हटलं तर उरणचा रस्ता आज जितका तुंबतो तो बरा म्हणायची पाळी येईल. म्हणून आधी कागदांवरून, मार्गावरून, आयातदाराच्या इतिहासावरून जोखीम ठरवतात आणि त्यात 'मार्क' झालेले कंटेनर स्कॅनरकडे पाठवतात.

काचेचा एक कण

बंदरातून आता गुन्ह्याच्या जागेकडे. रात्री एका वाहनाने पादचाऱ्याला उडवलं, वाहन पळालं. मृताच्या कपड्यांत काचेचे बारीक कण सापडले. चार दिवसांनी संशयित गाडी मिळाली, तिची पुढची काच नवी बसवलेली. जुन्या काचेचे तुकडे गाडीच्या खाचेत अजून आहेत. दोन्ही काचा एकच का?

पूर्वी अशा काचांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, मोजून तुलना करत. आता काच सगळीकडे वितळलेल्या कथलावर तरंगवून, जवळपास एकाच पाककृतीने बनते, त्यामुळे वेगळ्या गाड्यांच्या काचांचाही अपवर्तनांक जुळून जातो. फरक राहतो तो घटकांच्या बारीक प्रमाणात, कारण प्रत्येक कारखान्याची वाळू आणि भट्टी वेगळी. इथे प्रोटॉनचा वेगवर्धक कामाला येतो. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात 'फोटिया' नावाचं ६० लाख व्होल्टचं यंत्र आहे. त्याचे प्रोटॉन काचेवर पडले की सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांची अणुकेंद्रं क्षणभर उत्तेजित होतात आणि ओळखीचे गॅमा किरण सोडतात. गाड्यांच्या काचा अशा पद्धतीने वेगळ्या ओळखण्यावर इथल्या शास्त्रज्ञांनी काम केलेलं आहे. कण विरघळवावा लागत नाही, आणि प्रतिपक्षाला फेरतपासणी हवी असेल तर तोच कण शिल्लक असतो. न्यायालयीन कामात याची किंमत फार मोठी.

याच जातीचं एक यंत्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाच्या तळघरात आहे. तिथे ते दागिने आणि मूर्ती न ओरखडता तपासतं.

वाकायामाची करी

वेगवर्धकाने कोर्टात दिलेली सगळ्यात गाजलेली साक्ष जपानमधली आहे. २५ जुलै १९९८, वाकायामा शहरातल्या एका वस्तीचा उन्हाळी उत्सव. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून मोठ्या पातेल्यात करी रांधली होती. खाणाऱ्यांना उलट्या सुरू झाल्या. ६७ जणांना विषबाधा झाली, त्यातले चौघे दगावले, दोघं शाळकरी वयाची. करीत पांढरं आर्सेनिक होतं, जुना सोमल. संशय गेला तो वस्तीतल्याच एका बाईंवर. त्यांचा नवरा पूर्वी वाळवी मारण्याचा धंदा करायचा आणि त्या कामाचं आर्सेनिक कुटुंबात, नातेवाइकांकडे डब्यांतून पडून होतं.

आर्सेनिक आहे हे कुठलीही बरी प्रयोगशाळा सांगते. प्रश्न होता, हे आर्सेनिक त्या डब्यातलंच का? नैसर्गिक खनिजातून काढलेल्या आर्सेनिकमध्ये बिस्मथ, अँटिमनी, कथील असले जड धातू अत्यल्प प्रमाणात राहून जातात आणि त्यांचं प्रमाण खनिज कुठलं, शुद्धीकरण कसं यावर ठरतं. बिस्मथसारख्या जड अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन हुसकावला तर तो स्वच्छ, गोंधळ न होणारी खूण देतो, पण त्यासाठी ९० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ताकदीचे आणि अतिशय प्रखर क्ष-किरण लागतात. नशिबाने ह्योगो प्रांतात 'स्प्रिंग-८' हा सिंक्रोट्रॉन वर्षभरापूर्वीच सुरू झाला होता. सिंक्रोट्रॉन म्हणजे गोल वाटेवर इलेक्ट्रॉन फिरवणारा वेगवर्धक. इलेक्ट्रॉनची वाट वळवली की तो क्ष-किरण सोडतो, आणि स्प्रिंग-८ ची वाट १,४३६ मीटरची. रसायनशास्त्रज्ञ इझुमी नाकाई यांनी तिथे उत्सवाच्या जागी सापडलेल्या कागदी पेल्याला चिकटलेले कण आणि डब्यांतलं आर्सेनिक एकाच झोताखाली ठेवलं. जड धातूंच्या खुणा जुळल्या.

२००२ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्या बाईंना फाशी सुनावली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बाई आजतागायत गुन्हा नाकारतात. इथवरची गोष्ट विज्ञानाच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. पुढची कमी सांगतात. क्योटो विद्यापीठाचे जुन कावाई यांनी त्याच विश्लेषणाची पुन्हा छाननी केली आणि आक्षेप घेतला : खुणा जुळल्या म्हणजे फार तर आर्सेनिकचं मूळ एक ठरतं, डबा एक ठरत नाही. एका खाणीतून, एका कारखान्यातून आलेला माल कितीतरी डब्यांत गेला असणार. इतर घटकांचे आकडे पाहिले तर पेला आणि डबा जुळतच नाहीत, असंही त्यांचं म्हणणं. पुनर्सुनावणीचे अर्ज फेटाळले गेले, पण वाद मिटला नाही.

कोण बरोबर हे ठरवायची माझी पात्रता नाही. पण कावाईंचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे आणि प्रत्येक वेळी विचारायला हवा : जुळलं ते ठीक, पण आणखी किती ठिकाणी जुळलं असतं? नाकाई यांनीच पुढे जपानभरच्या नद्यांमधल्या गाळाचे सुमारे ३,००० नमुने स्प्रिंग-८ वर तपासून मातीची नोंद तयार केली. बुटाला लागलेली माती कुठली हे सांगायचं तर आधी बाकीची माती माहीत हवी.

अणुचाचण्यांनी सोडलेली खूण

तिसरा उपयोग काळ मोजण्याचा. हवेतल्या कार्बनमध्ये सुमारे एक लाख कोटी अणूंमागे एक अणू कार्बन-१४ असतो, किरणोत्सारी. जीव मेला की नवा कार्बन येणं थांबतं आणि असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. जुनी पद्धत तो फुटण्याची वाट बघत मोजायची. एक मिलिग्रॅम ताज्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चे सहा कोटी अणू असतात, पण फुटतो तासाला जेमतेम एक. म्हणून पूर्वी मूठभर नमुना जाळावा लागे. वेगवर्धक फुटण्याची वाट बघत नाही. अणूंना पळवतो, चुंबकाने वळवतो आणि वजनाप्रमाणे वेगळे करून सरळ मोजतो. नायट्रोजन-१४ चं वजन जवळपास तेवढंच, तो घोटाळा करू शकला असता. पण या यंत्रात अणूंना आधी ऋणभार द्यावा लागतो आणि नायट्रोजनचा ऋणभारित अणू टिकतच नाही. निसर्गाने दिलेली सवलत. १९८८ मध्ये तुरिनच्या कफनाचं, म्हणजे येशूचं म्हणून जपलेल्या कापडाचं, वय ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोनाच्या प्रयोगशाळांनी असंच काढलं आणि ते इ.स. १२६० ते १३९० च्या दरम्यानचं निघालं. आपल्याकडे दिल्लीच्या आंतरविद्यापीठ वेगवर्धक केंद्रात ही सोय आहे.

हजारो वर्षांचं मोजमाप पोलिसांच्या काय कामाचं? तिथे अणुबॉम्ब मदतीला येतो. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ पर्यंत खुल्या हवेत झालेल्या चाचण्यांनी उत्तर गोलार्धातल्या हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट केला. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो समुद्रात, झाडांत मुरत वर्षागणिक घटत गेला. त्यामुळे या काळात तयार झालेल्या प्रत्येक सेंद्रिय वस्तूवर तिच्या वर्षाची खूण आहे. दाताचं एनॅमल लहानपणी बनतं आणि पुन्हा बदलत नाही, म्हणून अनोळखी मृतदेहाच्या दातावरून जन्मवर्ष दीड-दोन वर्षांच्या फरकाने सांगता येतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. व्हेनिसच्या संग्रहातल्या, फ्रेंच चित्रकार फर्नां लेजे यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका चित्राचा कॅनव्हास इटलीत तपासला, तर त्याचा कापूस १९५९ नंतरचा निघाला. लेजे १९५५ मध्ये वारले होते.

हस्तिदंताचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पकडलेला व्यापारी नेहमी म्हणतो, माल जुना आहे, बंदीच्या आधीचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४ मोठ्या जप्त साठ्यांमधले २३१ दंतनमुने तपासले. नव्वद टक्क्यांहून अधिक हत्ती जप्तीच्या आधीच्या तीन वर्षांत मारले गेले होते. 'जुना साठा' ही सबब तिथे टिकली नाही.

ही सोय फार काळ उरणार नाही. कोळसा आणि तेल इतकं जुनं, की त्यात कार्बन-१४ शिल्लकच नाही. ते जाळून आपण हवेतलं प्रमाण पातळ करत चाललोय आणि ते आता चाचण्यांपूर्वीच्या पातळीच्याही खाली उतरू लागलंय. आज विणलेला सदरा आणि शेकडो वर्षांपूर्वीचं कापड या मोजणीत सारखंच दिसेल, असे दिवस आले आहेत.

कोर्ट काय मानतं?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं बंधनकारक केलंय, राज्यांना तयारीला पाच वर्षं देऊन. म्हणजे नमुने वाढणार. तरी प्रत्येक नमुना वेगवर्धकाखाली जाणार नाही आणि जाऊही नये. इंदूरच्या 'इंदूस-२' सिंक्रोट्रॉनवर वेळ मिळवायला संशोधकांनाही अर्ज करून थांबावं लागतं. बहुतेक प्रकरणांत मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतली नेहमीची उपकरणं पुरेशी असतात. नमुना इतका छोटा आहे की दुसऱ्यांदा मिळणार नाही, किंवा तो नष्ट करून चालणार नाही, तेव्हाच हा खर्च परवडतो.

आणि अहवाल आला तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे ते तज्ज्ञाचं मत असतं. त्यावर उलटतपासणी होते. बचावाच्या वकिलाने पदार्थविज्ञानात शिरायची गरज नाही. नमुना कुणी उचलला, सील कधी फुटलं, तुलनेला आणखी किती नमुने घेतले, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

बीथोव्हेनचे केस

नमुना कुणाचा हे यंत्राला सांगावं लागतं, याचं एक उदाहरण पाहाच. २००० साली अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेच्या सिंक्रोट्रॉनवर संगीतकार बीथोव्हेनचे म्हणून जपलेले काही केस तपासले गेले. शिशाचं प्रमाण नेहमीच्या शंभरपट. बीथोव्हेनच्या दुखण्याचं मूळ शिशाच्या विषबाधेत असावं, अशी बातमी जगभर झाली. २०२३ मध्ये त्या बटेतल्या केसांचा डीएनए वाचला. केस एका बाईचे निघाले. मोजमाप अचूक होतं, डोकं दुसऱ्याचं होतं.

त्याच अभ्यासात इतर काही बटा मात्र बीथोव्हेनच्याच असल्याचं जवळपास नक्की झालं. त्यातल्या दोन २०२४ मध्ये तपासल्या. केसांत शिसं ग्रॅमला चार मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर ठीक मानतात, इथे आकडे आले २५८ आणि ३८०. म्हणजे शिसं खरंच होतं, पण एवढ्याने माणूस दगावेल इतकं नाही, असं तपासणाऱ्यांनीच नोंदवलं. आणि ही तपासणी झाली इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या नेहमीच्या यंत्रावर. सिंक्रोट्रॉन लागलाच नाही.